सीए झाल्यावर व्हॅल्युएशनची नोंदणी: गोव्यातल्या लेखापालांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात माझे कार्यालय आहे. नव्याने सीए झालेली मुले-मुली, कधी मडगाव-म्हापशाहून जुने सहकारीही, हे प्रश्न घेऊन येतात. प्रत्येकाला तेच सांगताना काही ना काही सुटते, म्हणून एकदा सगळे लिहून काढले. इथे फक्त व्यवसाय, शेअर आणि आर्थिक मालमत्ता यांच्या मूल्यांकनाचा, म्हणजे व्हॅल्युएशनचा, विचार आहे.

नोंदणीकृत मूल्यांकक म्हणजे नेमके कोण?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ प्रमाणे, त्या कायद्याखाली कंपनीची मालमत्ता, शेअर, गुडविल (धंद्याच्या नावलौकिकाची किंमत), देणी किंवा निव्वळ संपत्ती यांचे मूल्य काढायचे असेल तर ते काम नोंदणीकृत मूल्यांककानेच करायचे असते. त्याची नेमणूक कंपनीची लेखापरीक्षण समिती करते आणि समिती नसेल तर संचालक मंडळ. हे कलम आणि त्याचे नियम १८ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाले. नोंदणी देण्याचे अधिकार भारतीय दिवाळखोरी आणि नादारी मंडळाकडे, म्हणजे आपण ज्याला आयबीबीआय म्हणतो त्याच्याकडे आहेत.

नोंदणी तीन वर्गांत होते: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा आर्थिक मालमत्ता. लेखापालांचा वर्ग तिसरा.

सीए आधीपासून शेअरची किंमत काढून देतच होते. मग वेगळी नोंदणी कशाला?

प्रश्न रास्त आहे. गोंधळ होतो तो एकाच कामाला वेगवेगळे कायदे वेगवेगळा माणूस मागतात म्हणून. परदेशी गुंतवणूकदाराला खासगी कंपनीचे शेअर द्यायचे असतील तर फेमाच्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, नियमांना सीएचे, शेअर बाजार नियामक सेबीकडे नोंदलेल्या मर्चंट बँकरचे (भांडवल उभारणीची कामे करणाऱ्या संस्थेचे) किंवा प्रॅक्टिस करणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणपत्र चालते. प्राप्तिकराच्या नियम ११ युएखाली डिस्काउंटेड कॅश फ्लो पद्धतीचा (पुढे येणाऱ्या रोकडीचे आजचे मूल्य काढण्याचा) अहवाल द्यायला पूर्वी सीए चालत असे. मे २०१८ मध्ये 'अकाउंटंट' हा शब्द तिथून काढला आणि ते काम मर्चंट बँकरकडे गेले. कंपनी कायद्याखाली प्रेफरेन्शियल अलॉटमेंट, म्हणजे निवडक लोकांनाच नवे शेअर देणे, असेल, संचालकाशी रोख रकमेशिवाय व्यवहार असेल किंवा विलीनीकरण असेल, तर नोंदणीकृत मूल्यांकक लागतो. दिवाळखोरी प्रक्रियेत वाजवी मूल्य आणि अवसायन मूल्य (कंपनी मोडीत काढली तर मिळेल ते) काढायलाही तोच लागतो.

म्हणून अशिलाचा फोन आला की 'किती दिवसांत देणार' याआधी 'कोणत्या कायद्यासाठी हवे' हे विचारा. याचे उत्तर अशिलाला बहुतेक वेळा माहीत नसते. ते शोधून काढणे हे आपल्या कामाचे पहिले पान.

आमच्या वाड्यावरचे एक इंजिनिअर 'गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड व्हॅल्युअर' आहेत. ही तीच नोंदणी का?

नाही. घर, जमीन, दागिने यांच्यासाठी बँका आणि लोक ज्यांच्याकडे जातात त्यांची नोंदणी बहुधा १९५७ च्या संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४ एबीखालची असते. संपत्ती कर गेला, पण प्राप्तिकराच्या कामांत त्या नोंदणीचा उपयोग होत राहिला. कलम २४७ ची नोंदणी वेगळी आहे आणि एकीमुळे दुसरी आपोआप मिळत नाही. दोघांनाही 'रजिस्टर्ड व्हॅल्युअर' म्हणतात, तिथेच गोंधळ होतो.

पात्रता काय? आर्टिकलशिपची वर्षे धरतात का?

आर्थिक मालमत्तेच्या वर्गासाठी सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंट संस्थेचे सदस्यत्व आणि सदस्यत्व मिळाल्यानंतर किमान ३ वर्षांचा अनुभव हवा. 'सदस्यत्व मिळाल्यानंतर' हे शब्द नीट वाचा. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, त्यात येत नाही. फायनान्स विषय घेऊन एमबीए किंवा पदव्युत्तर पदवी केलेल्यांनाही ३ वर्षांच्या अनुभवावर हा मार्ग खुला आहे.

यापलीकडे तुम्ही भारताचे निवासी असायला हवे, दिवाळखोर ठरलेले नसावे, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी आणि एकूण 'फिट अँड प्रॉपर', म्हणजे सचोटीने कामास योग्य, असावे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २७१ जेखाली, म्हणजे चुकीचा अहवाल दिल्याबद्दल, दंड झाला असेल तर तोही आडवा येऊ शकतो. म्हणून आजच्या साध्या प्रमाणपत्रांवर सही करतानाही जपून राहा.

सुरुवात कुठून करायची?

नोंदणीकृत मूल्यांकक संघटनेपासून, म्हणजे आरव्हीओपासून. आयसीएआयची, म्हणजे आपल्या सीए संस्थेची, स्वतःची आरव्हीओ आहे, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट संस्थांनीही आपापल्या स्थापन केल्या, शिवाय इतर आहेत. एकीचे सदस्य व्हायचे, तिचा ५० तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा, मग परीक्षा.

कोणती संघटना निवडावी? सीए असाल तर आयसीएआयची सोयीची पडते, कारण तिची मानके आणि आपली घडण एकाच मुशीतली आहे. ५० तास नुसती हजेरी लावून काढू नका, एवढे मात्र विनवून सांगतो. शिकवायला येणारी बरीच माणसे रोज हे काम करणारी असतात. त्यांना प्रश्न विचारायची अशी संधी पुढे मिळत नाही.

परीक्षा अवघड असते का?

संगणकावर दोन तासांची बहुपर्यायी परीक्षा असते. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण कापले जातात. सीएला वित्तीय विश्लेषण आणि व्हॅल्युएशनचा भाग ओळखीचा वाटतो, आणि तिथेच तो गाफील राहतो. गुण जातात ते कायद्यांत, अर्थशास्त्रात आणि व्यावसायिक आचारसंहितेत. आचारसंहितेचा भाग मी तीनदा वाचला. परीक्षेपेक्षा पुढच्या कामात तो जास्त उपयोगी पडला.

उत्तीर्ण झाल्यावर ३ वर्षांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. एक सहकारी 'बघू पुढे' म्हणत राहिला आणि मुदत उलटली. त्याला पुन्हा परीक्षेला बसावे लागले.

अर्ज आणि शुल्क?

व्यक्तीसाठी नमुना अ, शुल्क ५,००० रुपये. भागीदारी संस्था किंवा कंपनीसाठी नमुना ब, शुल्क १०,००० रुपये. अर्ज आरव्हीओमार्फत, तिच्या शिफारशीसह जातो. आरव्हीओचे सदस्यत्व, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांचे शुल्क वेगळे.

मी वेर्ण्याच्या औषध कंपनीत फायनान्समध्ये आहे. नोकरी सांभाळून हे जमेल का?

अभ्यास आणि परीक्षा जमेल. नोंदणीनंतरची प्रॅक्टिस आणि पूर्णवेळ नोकरी मात्र एकत्र चालत नाही. मूल्यांककाने नोकरी धरली तर आरव्हीओचे सदस्यत्व तात्पुरते परत करण्याची तरतूद नियमांतच आहे. तुमचा विचार दोन-तीन वर्षांनी स्वतःचे कार्यालय उघडण्याचा असेल, तर परीक्षेची ३ वर्षांची मुदत डोळ्यांसमोर ठेवून वेळ ठरवा.

मी दुबईत आहे, पुढच्या वर्षी गोव्यात परतणार. आत्ताच नोंदणी करू का?

निवासी असण्याची अट फेमाच्या व्याख्येने ठरते. परत येऊन स्थिरावल्यावरच अर्ज करा. तिथे असेपर्यंत व्हॅल्युएशनचे वाचन सुरू ठेवा.

गोव्यात एवढे काम आहे तरी का? मुंबईलाच जावे लागेल ना?

मोठी विलीनीकरणे मुंबईत होतात हे खरे. गोव्याच्या कंपन्यांची प्रकरणेही राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जातात. पण कंपनी रजिस्ट्रारचे कार्यालय पणजीत आहे, आणि कुंडई, वेर्णा, मडकई, पिळर्णच्या औद्योगिक वसाहतींतल्या कित्येक खासगी कंपन्या आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीकडे जात आहेत. भाऊ वेगळे होतात, मुलगी कॅनडाला स्थायिक होते आणि तिला आपला वाटा रोखीत हवा असतो, बाहेरचा गुंतवणूकदार हॉटेलमध्ये भागीदारी मागतो. या प्रत्येक वळणावर कुणीतरी प्रामाणिकपणे आकडा सांगावा लागतो.

आणि इथला आकडा सांगायला इथली माहिती लागते. किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटचा पावसाळा कसा जातो, परवाना कुणाच्या नावावर आहे, तो हस्तांतरित होतो की नाही, पेडण्यात मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यावर उत्तरेकडचे ग्राहक कसे बदलले, हे मुंबईत बसून ताळेबंदात दिसत नाही. परवाना हस्तांतरित होत नसेल तर त्या धंद्याच्या गुडविलपैकी बराच भाग मालकाबरोबर घरी जातो. अहवालात ही गोष्ट स्पष्ट आली नाही, तर घेणारा फसला म्हणून समजा.

मागच्या तीन-पाच वर्षांच्या नफ्याची सरासरी काढली की झाले, नाही का?

गोव्यात ही सवय सगळ्यात धोक्याची. खाण व्यवसाय डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खनिज उत्खनन थांबले. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून काम पुन्हा बंद पडले.

या काळात बार्ज (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी), ट्रक, यंत्रे, दुरुस्तीचे कारखाने, खाणभागातले पेट्रोल पंप, सगळ्यांचे ताळेबंद वर-खाली झाले. २०११-१२ पर्यंतच्या तीन वर्षांची सरासरी घेऊन एखाद्या बार्ज कंपनीचे मूल्य काढले असते, तर ते सहा महिन्यांत कागदावरच राहिले असते. उलट २०१३ च्या तोट्यावरून 'शून्य' म्हटले असते, तर बार्जची स्वतःची विक्री किंमत, जेटीचे हक्क आणि पुढे काम सुरू होण्याची शक्यता दुर्लक्षित झाली असती.

कुडचडे, सावर्डे, डिचोलीकडच्या कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते. त्यांचे हप्ते कोणत्या अंदाजावर बसवले गेले हा प्रश्न मला अजून सोडत नाही. अंदाज बांधणाऱ्याने धोका नीट मांडला असता, तर काही घरांवरचे ओझे हलके झाले असते असे मला मनापासून वाटते. हॉटेलांच्या बाबतीत २०२०-२१ चेही तेच. ते वर्ष सरळ वगळायचे की ठेवायचे, याचे कारण अहवालात लिहा. निर्णय वाचणाऱ्याला पटेलच असे नाही, पण तो कशावरून घेतला हे त्याला दिसले पाहिजे.

डिस्काउंट रेटमध्ये एक-दोन टक्के इकडे-तिकडे झाले तर काय बिघडते?

डिस्काउंट रेट म्हणजे पुढच्या रोकडीचे आजचे मूल्य काढताना धोका धरून लावलेला वजावटीचा दर. हिशेब करून पाहू. समजा एका रिसॉर्टला पुढच्या वर्षी सगळे भागवून १ कोटी रुपये मोकळी रोकड उरेल. डिस्काउंट रेट १५ टक्के, कायमची वाढ ५ टक्के धरली, तर १ कोटीला दोहोंतल्या १० टक्क्यांच्या फरकाने भागायचे. मूल्य १० कोटी. आता दर १३ टक्के धरा: साडेबारा कोटी. त्यातच वाढ ५ ऐवजी ६ टक्के धरा: १४ कोटी २९ लाख. धंदा तोच, खोल्या त्याच, पाहुणे तेच. कागदावर मात्र चार कोटींहून अधिक वाढ झाली.

म्हणून मी सुरुवातीला शिकाऊ मुलांना मॉडेल करायला देत नाही. दोन दर घेऊन त्यांतला एक का बरोबर, हे एका पानात लिहायला देतो. ते पान लिहिता आले की एक्सेल शिकायला आठवडा पुरतो.

हॉटेल कंपनीचे सगळे मूल्य जमिनीतच असते. ते मी काढू शकतो का?

तुमच्या वर्गाबाहेरचे मूल्यांकन तुम्ही करू शकत नाही. जमीन-इमारतीच्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून अहवाल घ्यायचा, आणि त्याचे नाव व त्याच्याकडून काय घेतले हे आपल्या अहवालात उघड करायचे. इथे मूल्यांककांच्या नियमांतला नियम ८ लक्षात ठेवा: दुसऱ्याच्या अहवालावर विसंबलात तरी अंतिम मूल्याची जबाबदारी तुमचीच राहते. म्हणून आलेला अहवाल जोडून मोकळे होऊ नका. झोनिंग काय, सीआरझेडची (किनारी बांधकाम निर्बंधांची) रेषा कुठून जाते, कूळ-मुंडकाराचा (जमीन कसणाऱ्याचा किंवा तिच्यात घर करून राहणाऱ्याचा) दावा आहे का, जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची, आहे का, हे विचारा. गोव्यात यातला एक प्रश्न चुकला तरी कोटींचा फरक पडतो.

आपल्या कौटुंबिक कायद्याचा व्हॅल्युएशनशी काय संबंध?

फार मोठा, आणि बाहेरच्या अभ्यासक्रमात तो मिळत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे गोव्यात लग्नानंतर, वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५ एप्रमाणे पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मे वाटतात हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण तोच विचार शेअरच्या बाबतीत आपण विसरतो. सदस्य नोंदवहीत फक्त नवऱ्याचे नाव असते. मूल्यांकन करताना सगळा हिस्सा त्याचाच धरून चालतो, आणि बाईंचे नाव अहवालात कुठेच येत नाही.

वारशाच्या वाटणीसाठी २०१२ चा गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा आहे. तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. इन्व्हेंटरीत मृताच्या मालमत्तेची यादी होते, मूल्य लागते आणि वारस आपसांत बोलीही लावू शकतात. त्यात भागीदारीतला वाटा किंवा खासगी कंपनीचे शेअर असतील तर त्यांचे मूल्य काय लावायचे? दर्शनी, म्हणजे शेअरवर छापलेली, किंमत लावून प्रकरण उरकलेले मी पाहिले आहे. १० रुपयांचा शेअर १० रुपयांनाच, मागे राखीव निधी कितीही असो. ज्या बहिणीला शेअरऐवजी रोख रक्कम मिळते तिचे त्यात किती नुकसान होते, हे तिला कुणी सांगत नाही.

अशा कामाला कलम २४७ ची सक्ती नाही, कारण ते कलम कंपनी कायद्याखालच्या मूल्यांकनापुरते आहे. तरीही मानकांप्रमाणे काढलेले मूल्य सगळ्या वारसांपुढे ठेवता येते. नोंदणीचा गोव्यातला सगळ्यात चांगला उपयोग मला हाच वाटतो.

ज्या कंपनीचे ऑडिट करतो तिचेच मूल्यांकन करू का?

करू नका. ज्या मालमत्तेत तुमचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, किंवा नेमणुकीआधीच्या तीन वर्षांत अथवा मूल्यांकनानंतरच्या तीन वर्षांत येतो, तिचे मूल्यांकन कलम २४७ ने वर्ज्य केले आहे. ऑडिट म्हणजे हितसंबंध का, यावर वाद घालता येईल. पण आपणच तपासलेल्या आकड्यांवर आपणच मूल्य काढायचे आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा तपासायचे, यात स्वतंत्र नजर उरते कुठे?

गोव्यात हे पाळणे कठीण आहे हे मान्य. गाव लहान. जो सीए रिटर्न भरतो तोच ऑडिट करतो, त्याच्याच सल्ल्याने कर्ज मिळते, आणि जत्रेला त्याच घरी जेवणही असते. तेच यजमान म्हणतात, 'बाब, बारा कोटी दाखव रे, बँकेला तेवढे लागतात.' हे मलाही ऐकावे लागले आहे. ते काम मी दुसऱ्या मूल्यांककाकडे पाठवले. घरोबा काही महिने थंडावला. आचारसंहितेत 'सोयीचे मूल्यांकन' देऊ नये असे सरळ शब्दांत लिहिले आहे. नमुन्यादाखल तेवढे एक वाक्य अशिलाला वाचून दाखवले की संभाषण सोपे होते.

फी कशी आकारावी?

कामाच्या वेळेवर आणि गुंतागुंतीवर, आधी लेखी ठरवून. व्यवहार यशस्वी झाला तर अमुक रक्कम, अशी सक्सेस फी आचारसंहितेने नाकारली आहे. मूल्याच्या टक्केवारीतही फी घेऊ नका. आकडा वाढला की तुमची फी वाढणार असेल, तर वाचणारा तुमच्यावर विश्वास का ठेवेल?

कोणती मानके वापरायची?

केंद्र सरकार स्वतःची मानके अधिसूचित करेपर्यंत आंतरराष्ट्रीय मान्यतेची किंवा आरव्हीओने स्वीकारलेली मानके चालतात. आयसीएआयची मूल्यांकन मानके १ जुलै २०१८ पासून आहेत. व्यवसायासाठी ३०१, अमूर्त मालमत्तेसाठी ३०२, अहवाल व दस्तऐवजांसाठी २०२. सुरुवात २०२ पासून करा.

अहवालात काय हवेच?

हेतू, नेमणूक करणारा, हितसंबंधांची घोषणा, नेमणुकीची, मूल्यांकनाची आणि अहवालाची तारीख, केलेली पाहणी, माहितीचे स्रोत, पद्धत व मानके, वापरावरील मर्यादा, निष्कर्ष. तीन तारखा वेगळ्या असतात हे विसरू नका. कामाची कागदपत्रे किमान ३ वर्षे जपा. मी त्याहून जास्त जपतो, कारण कुटुंबातले वाद तीन वर्षांत मिटत नाहीत.

अमेरिकेची एबीव्ही पदवी घेतली तर इथे चालेल का?

एबीव्ही ही अमेरिकेतल्या सीपीएंच्या, म्हणजे तिथल्या लेखापालांच्या, संस्थेची व्हॅल्युएशनची मान्यता आहे. तिचा अभ्यास उत्तम आहे आणि परदेशी अशिलांपुढे तिचे वजनही पडते. पण कलम २४७ खाली सही करायचा हक्क तिच्याने मिळत नाही. इथेच प्रॅक्टिस करायची असेल तर आधी इथली नोंदणी करा.

भागीदारी फर्मच्या नावाने नोंदणी घ्यावी का?

तीन किंवा सर्व भागीदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे नोंदणीकृत मूल्यांकक असावे लागतात. दोघांचीच फर्म असेल तर दोघांनाही परीक्षा द्यावी लागेल. सुरुवातीला वैयक्तिक नोंदणीच बरी.

नोंदणी झाली, पण काम येत नाही. तोपर्यंत काय करू?

गोव्यातली एखादी सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, कंपनी निवडा, तिचे तीन वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि कुणी मागितले नसतानाही पूर्ण मूल्यांकन अहवाल लिहा. तारीख घाला आणि पाकिटात बंद करा. वर्षभराने उघडून आपले अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी शेजारी मांडा. मग पणजीतल्या आयसीएआयच्या गोवा शाखेत कुणी ज्येष्ठ भेटले, तर ते दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवा. माझे पहिले काम अशाच एका संध्याकाळी मिळाले.